पाठ टेकून बसणाऱ्यांचं ध्यान

गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला ध्यानाला कसं बसावं ते सांगतात, तेव्हा अंगाची पाळी बरीच उशिरा येते. आधी जागा, ती स्वच्छ हवी. मग बैठक, ती डगमगती नको, फार उंच नको, फार सखल नको. तिच्यावर दर्भ, दर्भावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. एवढं सगळं झालं की मग धड, मान आणि डोकं एका रेषेत ठेवायची सूचना. मी शाळेत संस्कृत शिकवत होते तेव्हा या क्रमाला काही मोल नव्हतं. परीक्षेत अन्वय विचारतात, क्रम कोणी विचारत नाही. आता मात्र हे श्लोक एखाद्या जाणत्या फिजिओथेरपिस्टनं सांगितल्यासारखे वाटतात. व्हीलचेअरवर माणसाला बसवायची रीत हीच आहे. माझी फिजिओ म्हणते, "बाई, आधी गादी, मग कंबर, मग पाठ. मानेकडे बघायचंच नाही, ती आपली आपण येते."

मी व्हीलचेअर वापरते. स्कूटरच्या अपघातात मणक्याला डी-फोरला मार बसला. छातीखालचं काही हलत नाही आणि काही कळतही नाही. हात शाबूत आहेत, जीभही. अपघाताबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते बसण्याबद्दल.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दर एकादशीला आम्ही काही मंडळी जमून गीता वाचतो. सहावा अध्याय चालू असताना आमच्यातले एक निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "बाई, रागावू नका, पण पाठ टेकवून केलेलं ध्यान म्हणजे आराम हो. देह स्वतःच्या बळावर ताठ राहिला पाहिजे, तरच ते आसन." मी रागावले नाही. पुण्यात सोसायटीच्या मीटिंगांना बसलेल्या माणसाला एवढ्या तेवढ्यावर राग येत नाही. शिवाय प्रश्न खरा होता. माझा ताठपणा माझा नाही. तो फोमचा आहे, पाठीमागच्या कडक पाठटेकूचा आहे, कमरेवरच्या पट्ट्याचा आहे. हे सगळं काढून घेतलं तर मी पुढे कोसळेन. मग या उसन्या ताठपणाला आसन म्हणायचं की नाही?

उत्तराआधी ताठपणा होतो कसा ते बघायला हवं, कारण इथे धार्मिक माणसांचा आणि शाळेतल्या पीटीच्या सरांचा एकच समज असतो: मनात आणलं की माणूस ताठ बसतो. पाठीचा बाक पाठीत सुरू होत नाही, कमरेत सुरू होतो. कमरेचं मोठं हाड, ज्याला डॉक्टर पेल्व्हिस म्हणतात, ते सरळ असेल तर त्याच्यावरचे मणके एकावर एक नीट उभे राहतात. ते मागे कलंडलं, की माणूस बैठकीच्या दोन हाडांवर बसायच्या ऐवजी माकडहाडावर बसतो, पाठ गोल होते, छाती दबते, श्वास अर्धा येतो, आणि समोरचं दिसावं म्हणून मान कासवासारखी पुढे निघते. अशा माणसाला "जरा ताठ बसा की" म्हणणं व्यर्थ आहे. तो मानेनं ताठ होईल, दोन मिनिटांनी पुन्हा घसरेल.

आता इस्पितळात, रेल्वे स्टेशनवर किंवा मंगल कार्यालयाच्या दाराशी उभी असते ती घडीची व्हीलचेअर आठवा. तिचा मूळ घाट 1933 सालचा आहे. अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन इंजिनिअरांनी ती घडवली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघातानं अधू झालेले, त्यांना मोटारीत टाकून नेता येईल अशी खुर्ची हवी होती. मोठंच काम झालं, यात शंका नाही. पण खुर्चीची घडी व्हायची तर बैठक कडक ठेवून चालत नाही, म्हणून दोन नळ्यांमध्ये कापड ताणलं. आपल्याकडे त्या जागी रेक्झिन. काही महिन्यांत ते रेक्झिन सैल पडतं आणि त्याची झोळी होते. मांड्या आत वळतात, कंबर एका अंगाला उतरते, माणूस वाकडा होतो. घरचे म्हणतात, आजी हल्ली फार वाकल्या, वय झालं. वय झालेलं असतं रेक्झिनचं.

म्हणून मराठीत ताठ कणा म्हणजे स्वाभिमान आणि कणा नसलेला म्हणजे लाचार, हे जे आपण सर्रास बोलतो, त्याच्याशी माझं थोडं भांडण आहे. पुणेकरांना तर हे भांडण कळायला हवं. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 साली, अपंग जवानांसाठी सुरू झालेलं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट खडकीला आहे, आणि त्याच खडकीत मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मूळचे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली निकामी झाले आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांचा कणा मोडलेला होता म्हणायचं की ताठ? वाक्प्रचार वापरायचा तर वापरा, पण हाडांना चारित्र्याचा दाखला देऊ नका.

शास्त्राकडे वळू. इंजिनिअरसाहेबांनी शास्त्राचं नाव काढलं होतं आणि संस्कृतच्या मास्तरणीपुढे ते काढायला नको होतं. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादात सात ते दहा अशी चार सूत्रं याच प्रश्नावर आहेत: उपासना बसून करावी की कशीही चालेल? उत्तर मिळतं, बसून. का? बसून ती होऊ शकते म्हणून. शंकराचार्य भाष्यात याची जी कारणं देतात ती अगदी घरगुती आहेत. चालताना मन विस्कटतं. उभं राहिलं तर मन देह सावरण्यात गुंततं, त्याला सूक्ष्म काही दिसत नाही. आडवं झालं तर झोप लागते. बसलेल्या माणसाला हे त्रास नाहीत. बसण्यात पुण्य आहे असं आचार्य कुठेही म्हणत नाहीत; देह सावरण्याचं काम सगळ्यात कमी बसण्यात पडतं, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे अकराव्या सूत्रात दिशा, जागा, वेळ यांचाही आग्रह सोडून दिला आहे. एकाग्रता जिथे साधेल तिथे बसा.

आता हा न्याय माझ्या देहाला लावा. मी पाठीला आधार न घेता बसले, तर दोन्ही हात मांड्यांवर रोवून तोल धरावा लागतो. एक हात उचलला की दुसऱ्यावर सगळा भार. मन चोवीस तास देह सावरण्यात. म्हणजे आधाराशिवाय बसणं हे माझ्यापुरतं आचार्यांच्या हिशेबात उभं राहणं झालं. पाठ टेकली की मी खऱ्या अर्थानं बसते. इंजिनिअरसाहेब ज्याला सवलत म्हणत होते ती माझ्या बाबतीत पहिली अट आहे.

एवढ्यावर ते ऐकते ना. "हा तुमचा युक्तिवाद झाला, आधाराचं आसन कुठे सांगितलंय ते दाखवा." दाखवलं. पतंजलींनी आसनाच्या फक्त दोन खुणा सांगितल्या, ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. आणि लगेच पुढच्या सूत्रात म्हटलं की ते साधतं प्रयत्न सैल सोडल्यानं. व्यासभाष्यात यातल्या पहिल्या सूत्राखाली आसनांची यादी आहे. पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन, आणि त्याच्या पाठोपाठ सोपाश्रय, म्हणजे आधार घेऊन बसायचं आसन. हा आधार कसला, तर योगपट्टाचा, असं वाचस्पती मिश्र सांगतात. योगपट्ट म्हणजे कापडाचा पट्टा. तो अंगाभोवती आणि गुडघ्यांभोवती आवळून घेतला की बैठक सुटत नाही. शबरीमलैच्या अय्यप्पाच्या गुडघ्यांना जो पट्टा असतो तो हाच. हंपीच्या त्या प्रचंड नरसिंहाच्या गुडघ्यांवरही तो आहे. देवाला पट्टा चालतो, तर मला का चालू नये? साहेब बराच वेळ भाष्य चाळत बसले.

आणि पाय खाली सोडून बसण्याबद्दल कोणाला शंका असेल त्यानं वेरूळला दहाव्या लेण्यात जाऊन यावं. लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात. आत स्तूपाला टेकून पंधराएक फुटांचे बुद्ध बसलेत, मांडी घालून नाही, आपण खुर्चीवर बसतो तसे, दोन्ही पाय खाली टेकवून. गुडघे काटकोनात, खांदे सैल, हात उपदेशाच्या मुद्रेत. पाठीमागे अखंड दगड. व्हीलचेअरवर कसं बसावं याचं चित्र हवं असेल तर इतकं चोख चित्र मला दुसरं माहीत नाही.

पुण्यात तर आधार या विषयावर वाद व्हायलाच नको. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली इथे आले आणि 2014 साली इथेच गेले. लहानपणी इन्फ्लुएंझा, मलेरिया, टायफॉइड, क्षय यांनी पिंजून काढलेला हा मुलगा. निरोगी अंगाचा अहंकार त्यांच्या योगात शिरला नाही, याचं एक कारण मला तिथे दिसतं. मॉडेल कॉलनीत 1975 साली त्यांची संस्था उभी राहिली. तिथून दोर, पट्टे, लाकडी विटा, लोड आणि साधी घडीची खुर्ची जगभरच्या योगशाळांत गेली. ज्याचा हात जमिनीला पोचत नाही त्याच्या हाताखाली वीट ठेवायची, म्हणजे जमीनच वर आणायची. मॅथ्यू सॅनफर्ड नावाचा अमेरिकन, तेराव्या वर्षी मोटार अपघातात छातीखाली लुळा झालेला, याच पद्धतीनं योग शिकला आणि शिक्षक झाला. अंगाची मांडणी नीट झाली की संवेदना नसलेल्या भागातही आपल्याला अस्तित्वाची काही जाग लागते, असं तो सांगतो. मला तशी जाग लागत नाही. त्याला लागत असेल. त्याच्या अनुभवाला खोटं म्हणायचं मला कारण नाही.

इथपर्यंत शास्त्र माझ्या बाजूचं. पुढे मात्र एक जागा येते जिथे शास्त्राचं आणि माझं जमत नाही, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ती जागा म्हणजे निश्चलता. गीता शरीर अचल ठेवायला सांगते. ब्रह्मसूत्रं तर पृथ्वीच्या स्थिरतेची आठवण करून देतात. आणि मला कोणीही, अगदी कोणीही, अचल बसायची परवानगी देऊ शकत नाही. बैठकीच्या हाडांखाली कातडी आणि मांस दाबलं जातं, रक्त थांबतं, आणि काही तासांत आतून जखम सुरू होते. तुम्हाला मुंग्या येतात, तुम्ही नकळत कूस बदलता. मला मुंग्या येत नाहीत. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला 1944 साली लुडविग गुटमान यांनी मणक्याच्या रुग्णांचा वॉर्ड हाती घेतला, त्याआधी असे रुग्ण बहुतेक दाबाच्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं मरत. गुटमानांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाची कूस बदलायचा नियम घातला. माणसं जगायला लागली.

म्हणून माझ्या फोनचा गजर दर अर्ध्या तासानं वाजतो. मग मी पट्टा सैल करून टेबलावर कोपर टेकते, छाती मांड्यांकडे नेते, दोन मिनिटं तशीच राहते, पुन्हा मागे येते. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना गजर झाला की कोणीतरी चुकचुकतं. चुकचुकू दे.

रात्री आणखी एक काम. कुशीवर वळून, लांब दांड्याचा आरसा मागे धरून कातडी बघायची. आपल्या सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही. डाग जरा गडद दिसतो, हाताला शेजारच्या भागापेक्षा गरम लागतो, कधी कडक लागतो. बोटानं दाबून सोडायचं आणि रंग परततो का ते बघायचं. शंका आली तर दुसऱ्या दिवशी खुर्ची बंद, पालथं पडून राहायचं. हवेच्या गादीतली हवा पण तपासायची: बसल्या जागी गादी आणि अंग यांच्या मधून हात सरकवून सगळ्यात खालचं हाड शोधायचं, त्याच्या आणि तळाच्या मध्ये अर्धा ते एक इंच अंतर हवं. कमी असलं तर हाड तळाला टेकतं, जास्त असलं तर मी डुगडुगते. फार उंच नको, फार सखल नको.

या आरशासमोर मला वैराग्याबद्दल जे कळलं ते कोणत्या प्रवचनात कळलं नव्हतं. शीत-उष्ण, सुख-दुःख येतात जातात, ती सोस, असं गीता दुसऱ्या अध्यायात सांगते. माझ्या पायावर उकळता चहा सांडला तर मी हसत गप्पा मारत राहीन. बघणारा म्हणेल, काय स्थितप्रज्ञ बाई आहे! साधक ज्याच्यासाठी जन्म घालवतात ते मला एका अपघातानं फुकट मिळालं, आणि त्याला कवडीची किंमत नाही. दुःख न कळणं आणि दुःखानं न हलणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळबंधाचं आणि कुंडलिनीच्या जागण्याचं जे थरारक वर्णन आहे, ते ज्या जागेपासून सुरू होतं ती जागा माझ्यापुरती कायमची बंद आहे. कुंडलिनी तिथे झोपली असेल तर तिला शेजार चांगला मिळालाय.

पण देह तक्रार करत नाही असंही नाही. माझ्या मणक्याच्या इजेच्या पातळीखाली काही बिघडलं, लघवी तुंबली, पट्टा रुतला, बोटाचं नख आत वाढलं, तर कपाळावर घाम फुटतो, डोकं फुटेलसं दुखतं, रक्तदाब चढतो. दुखणं पायात आणि ओरड डोक्यात. तेव्हा ताबडतोब ताठ बसायचं, सैल करायचं ते सैल करायचं आणि कारण शोधायचं. वेळ घालवला तर जिवावर बेततं. अशा वेळी कोणी मला "तुम्ही देह नाही, आत्मा आहात" म्हणालं, आणि म्हणणारे भेटतात, तर मी मान डोलावते आणि कॅथेटर तपासते.

अष्टावक्राची गोष्ट हे लोक हमखास सांगतात. आठ ठिकाणी वाकडा, तरी जनकाच्या दरबारात विद्वानांना हरवणारा. त्याच्या नावावरची गीता तर आत्मा देहाहून वेगळा हेच सांगत राहते. पण महाभारताच्या वनपर्वात त्याची कथा संपते कशी, हे कोणी सांगत नाही. बाप त्याला समंगा नदीत उतरायला सांगतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. ज्यानं देहाला महत्त्व देऊ नका म्हटलं, त्यालाही कथाकारानं वाकडा सोडला नाही. मला हा शेवट आवडत नाही. वाकडा अष्टावक्र घरी परत गेला असता तर त्याच्या वादविवादाची किंमत कमी झाली असती का? पण कथाकाराचं मन मी ओळखते. सरळ अंगाची ओढ माणसाला ज्ञानानंतरही राहते, मला रोज असते. मी ती अध्यात्मात धरत नाही, आरोग्यात धरते. ताठ बसले की श्वास पुरतो, घास नीट उतरतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलता येतं. ध्यानाचं काय व्हायचं ते होईल.

इंजिनिअरसाहेबांचं मत बदललं का, ते मी विचारलेलं नाही. पुढच्या एकादशीला ते खिशात ॲलन की घेऊन आले. भाष्य वाचता वाचता त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं होतं. "बाई, तुमची पायटेकू खाली आहे. पाय लोंबतायत, त्यानं तुम्ही पुढे ओढल्या जाताय." जमिनीवर बसून त्यांनी दोन्ही बाजू वर घेतल्या, मांडी गादीला पूर्ण टेकेपर्यंत, आणि मग हाताची दोन बोटं गुडघ्यामागे घालून गादीची कड रुतत नाही ना ते पाहिलं. अंतर बरोबर होतं. माझी फिजिओ पण तसंच पाहते.

आता एक मागणं, आणि ते पुण्याच्या दानशूर लोकांकडे आहे. आईवडिलांच्या स्मरणार्थ व्हीलचेअर देण्याची चांगली रीत आपल्याकडे आहे. पहिली खुर्ची मलाही कोणाच्या तरी स्मरणार्थच मिळाली होती. अठरा इंच रुंद, माझ्या अंगाला ऐसपैस, आणि मी तिच्यात एका कुशीला कलून बसत असे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितलंय. इथे पात्र पाहणं म्हणजे शिंप्यासारखं माप घेणं. दहा खुर्च्या एका ठोक मापाच्या देऊन फोटो काढण्यापेक्षा चार द्या, पण ज्यांना द्यायच्या त्यांची कमरेची रुंदी, पाठीपासून गुडघ्यामागपर्यंतची लांबी आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची घेऊन द्या, आणि ते बसल्यावर कोणीतरी जाणतं माणूस त्यांच्या गुडघ्यामागे बोटं घालून बघेल अशी सोय करा. गादीचे पैसे वेगळे धरा. चांगली गादी कधी कधी खुर्चीपेक्षा महाग पडते.